साडेदहा ते पाऊण

मधुमतीला कुणाला नाही म्हणता येत नाही. इथं परदेशात, पुंगोलला आमच्या इमारतीत ती राहायला आली तेव्हापासून, गेली बारा वर्षं, मी हे बघतेय. कुणाचं मूल शाळेतून आणायचंय, कुणाच्या सासूला डॉक्टरकडे न्यायचंय, की मधुमती आहेच. मला राग यायचा. ही सवय तुला एक दिवस नडणार, असं मी तिच्या तोंडावर म्हणायचे आणि ती हसून चहा टाकायची.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिनं विद्यापीठात फाउंडेशन डिग्रीला प्रवेश घेतला. दोन वर्षं शिकायचं, थोडे दिवस वर्गात आणि बाकीचे वॉर्डात, मग नर्सच्या हाताखाली नर्सिंग असोसिएट म्हणून लागायचं. तिचा नवरा विवेक म्हणाला, “या वयात लोकांचे बेडपॅन उचलणार?” मुलगी इशिता म्हणाली, “कॅन लाह, आई!”, म्हणजे इथल्या बोलीत, जमेल की गं. पहिल्या वर्षी मधुमती वर्गात पहिली आली. चला, सवय नडेल म्हणण्यात आपलंच चुकलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या वर्षी तिच्या वॉर्डात कुमुदिनीकाकू आल्या. साताऱ्याच्या, वय चौऱ्याहत्तर, नातीच्या बारशासाठी मुलाकडे इथल्याच जुरोंग ईस्टला आलेल्या. हृदयाचे ठोके चुकायला लागले म्हणून त्यांना ॲडमिट केलं होतं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होत्या. अख्ख्या वॉर्डात मराठी बोलणारी मधुमती एकटीच. मुलगा श्रीनिवास तिला म्हणाला, “ताई, आपलं माणूस आहे इथं. आता मी निर्धास्त.” तिनं मला हे कौतुकानं सांगितलं. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं नाही, का ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती पाणी द्यायला गेली, तर पलंग रिकामा. काकू बाथरूममध्ये फरशीवर बसलेल्या. बेल हाताशी होती, पण पोरींना कशाला त्रास म्हणून एकट्याच उठल्या होत्या. पाय घसरला, डोकं बेसिनला लागलं. रक्त नाही, खोक नाही. मधुमतीनं त्यांना उठवून पलंगावर आणलं आणि ती सिस्टरला हाक मारायला वळली, तोच काकूंनी तिचं मनगट धरलं.

“सांगू नकोस गं. उद्या घरी सोडणारेत मला. परवा बारसं आहे. पडले म्हटलं की ठेवून घेतील.”

“काकू, सांगावंच लागतं. नियम आहे.”

“तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.”

आता यावर कुणी हसेल. मीही नंतर तिला ओरडले, वर्षभर शरीरशास्त्र शिकलीस आणि शपथेला भ्यालीस? पण खरं सांगायचं तर आईच्या वयाच्या बाईनं मनगट धरून असं म्हटल्यावर माझाही पाय निघाला नसता. शपथ मोडली तर काकूंना काहीतरी होईल, हे तिला मनातून खरंच वाटलं. मी स्वतः लक्ष ठेवते, असं तिनं ठरवलं. रक्तदाब घेतला, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं. सगळं ठीक होतं. तक्त्यात पडल्याची नोंद केली नाही.

अकराला काकू म्हणाल्या, डोकं दुखतंय, चहा झाला नाही ना. साडेअकराला झोप येतेय म्हणाल्या. मधुमतीनं दर दहा मिनिटांनी जाऊन पाहिलं. बाराला जेवण आलं, ते तसंच राहिलं. पाऊण वाजता काकूंनी डोळे उघडून विचारलं, “दूधवाला येऊन गेला का?” आणि घडाघडा ओकल्या.

मधुमती धावत ड्यूटीवरच्या सिस्टर लिमकडे गेली आणि काकू पडल्याचं तिनं सांगितलं. किती वाजता पडल्या, असं सिस्टरनं विचारलं. मधुमतीनं साडेदहा सांगितलं. सिस्टरनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीवरचं तातडीचं लाल बटण दाबलं. डोक्यात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, पण काकू शुद्धीवर आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

विद्यापीठानं तिचं वॉर्डातलं काम थांबवलं आणि चौकशी लावली. काकूंच्या घरच्यांशी बोलू नकोस, आम्ही रीतसर सांगू, अशी तिला ताकीद होती. पण हॉस्पिटलचं ओळखपत्र परत करायला ती गेली, तेव्हा लिफ्टपाशी श्रीनिवास उभा होता. हातात काकूंच्या कपड्यांची पिशवी. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

“ताई, शेवटी आईच्या जवळ मराठी बोलणारं कुणीतरी होतं. एवढं तरी तिला मिळालं. घाबरली होती का हो ती? काही बोलली का?”

मी असते तर गोड काहीतरी सांगून लिफ्टमध्ये शिरले असते. त्याचंही समाधान झालं असतं. मधुमती म्हणाली, “बोलल्या. साडेदहाला पडल्या तेव्हा बोलल्या. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. मी पाऊण वाजेपर्यंत सांगितलं नाही.”

तो हिशेब लावत होता, ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. लिफ्ट आली, उघडली, मिटली. मग त्यानं तिचे हात सोडले.

“जा तुम्ही,” तो म्हणाला.