आधी बुकिंग, मग शनी

आमच्या उस्मानपुऱ्यात शनी बघायचा तर आधी रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांग लावतात अप्पारावकाका. काका एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, खाकी उतरली, पण आवाज काही त्यांनी महामंडळाला परत केला नाही. संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानाचं शटर पडलं की त्याच्यासमोर फुटपाथवर ते आपली पिंपाएवढी दुर्बीण मांडतात आणि शेवटचा शब्द नाकातून ताणत हाळी देतात, "चला शनीऽऽ, शनीवाले पुढं सरका, दारात गर्दी नको." दार कुठंच नसतं. तरी लोक सरकतात.

गंगापूरच्या गाडीवर काकांचा एक नियम होता. शेवटच्या माणसाचं तिकीट फाडून होईपर्यंत गाडी हलणार नाही, मग ती डेपोच्या फाटकात का उभी असेना. याला ते बुकिंग म्हणायचे. दुर्बिणीलाही त्यांनी तोच नियम लावला. आधी स्वतः डोळा लावून शनी बरोबर मधोमध आणायचा, मग समोरच्याचा खांदा धरायचा आणि बुकिंग सुरू. शनी किती लांब आहे, तिथं लाल डब्यानं निघालं तर किती पिढ्या सीटवरच संपतील, वाटेत चहाला गाडी कुठंच कशी थांबणार नाही, साडेसातीचा आणि याचा संबंध कसा नाही आणि असला तरी बघून घ्यायला काय हरकत आहे. एवढं सगळं झालं की काका म्हणणार, "हां, आता बघा." माणूस वाकतो, डोळा लावतो आणि म्हणतो, "वा!"

शटरवर काकांनी शनीचं रंगीत चित्र टांगलंय. त्यातलं कडं एवढं रुंद, की वर पापड वाळत घालावेत. लोक दुर्बिणीतून डोकं काढायचे, चित्राकडं बघायचे आणि सांगायचे, अगदी अस्साच दिसला. बाजूला स्टुलावर मटार सोलत बसलेल्या लक्ष्मीकाकूही मान न उचलता नवऱ्याला दुजोरा द्यायच्या, "व्हय, मला बी तसाच दिसला."

एवढ्यावर दुसरा कुणी खूश झाला असता. काकांना मात्र एकाच माणसाच्या तोंडून 'दिसला' ऐकायचं होतं, ते म्हणजे सरदारचाचा. चाचा त्याच गंगापूरच्या गाडीचे ड्रायव्हर. दोघांची अख्खी नोकरी एका गाडीत गेली आणि त्या अख्ख्या नोकरीत चाचांनी काकांच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. काका म्हणाले मागं जागा आहे, की चाचा सीटवरून उठून बघून यायचे. आता ते क्रांती चौकात मुलाच्या टायरच्या दुकानात बसतात. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, अप्पानं नळकांडं आणलंय आणि लोकांना त्यातून बल्ब दाखवतो. हे रोज काकांच्या कानावर यायचं. काका हसायचे, पण त्या दिवशीचं बुकिंग अंमळ लांबायचं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी चाचा खरंच आले. मफलर कानाला, हात पाठीमागं, गाडीखाली ऑइल गळतंय का बघावं तसं त्यांनी दुर्बिणीभोवती एक चक्कर मारली. काकांनी रांग थांबवली. शनी बरोबर मधोमध आणला. मग जन्माच्या दोस्तासाठी त्यांनी बुकिंग सुरू केलं, त्यात कधी न सांगितलेल्या दोन-चार गोष्टीही घातल्या. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"अप्पा, अंधेरा है," चाचा डोळा न काढता म्हणाले.

"नीट बघा की."

"सारी उमर नीट देखकेच गाडी चलाया मैं. इसमें कुछ नै है."

काकांनी त्यांना बाजूला करून स्वतः बघितलं. अंधारच होता. पृथ्वी फिरते, आकाश सरकतं, हात लावला नाही तर ग्रह दोन मिनिटांत दुर्बिणीतून बाहेर जातो. हे काका बुकिंगमध्ये दर वेळी सविस्तर सांगतात, आणि ते सांगत असतानाच तो जातो.

काकांनी रांगेकडं बघितलं. मघाशी 'वा' म्हणालेले क्लासचे सर मोबाईल चाळायला लागले. मग काकांनी काकूंकडं बघितलं.

"मला तर कधीच नाय दिसला," काकू म्हणाल्या. "तुमचं तोंड बघून म्हणत व्हते."

काका दुर्बिणीचं झाकण शोधायला लागले. झाकण चाचांच्या हातात होतं.

"ये गाडी तेरे बुकिंग के वास्ते रुकती नै, अप्पा," चाचा म्हणाले. "तू शनी ला और मेरेकू डबल बेल दे. बीच में बात नक्को."

काकांनी शनी आणला. तोंड उघडलं, मिटलं. नळीवर बोटानं दोनदा टकटक केलं. चाचा वाकले, आणि या वेळी लगेच बोलले.

"फोटो गलत है तेरा. इत्ता बडा कडा नै है. छोटा मोती है, और उसमें से सुई आरपार."

काकांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. यंदा शनीचं कडं आपल्याकडं धारेनं वळलंय, रेघेएवढंच दिसतं, आणि ते काकांना रोज तसंच दिसत होतं. चित्रासारखा दिसला म्हणणाऱ्यांना काय दिसलं असेल, हा विचार कौतुक ऐकण्याच्या नादात त्यांनी केलाच नव्हता.

"बल्ब आहे का?" काकांनी हळूच विचारलं.

"दिख गया, बाबा, दिख गया," चाचा पुटपुटले. "पर सरक रहा है. स्टेअरिंग किधर है इसका?"

तेव्हापासून नळीवर हात चाचांचा असतो. शनी सरकला की तेही नळी तेवढीच सरकवतात, ब्रेक न लावता. काका रांग बघतात, टकटक करतात, आणि बुकिंग करतात ते माणसाचं बघून झाल्यावर. निम्मे लोक तेवढ्यात सटकतात, त्यांना ते विनातिकीट म्हणतात.

काकूंनाही अखेर शनी दिसला. "एवढासाच व्हय," म्हणाल्या, आणि मटारचं ताट घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.