थर्मासातला हल्या

लिहिताना माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, तेवढं माफ करावं. चौथीपर्यंतच शिकले, आणि पुढे पेन हातात आला तो कुठे सही करण्यापुरता. अक्षरही वाईट आहे. ओळ धरून चालत नाही, उतरणीला लागते. हे कोणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिते आहे. तोंडानं तर मला कधीच सांगता आलं नसतं.

सांगायचं आहे ते एका ढोरांच्या डॉक्टरबद्दल.

आमचं गाव अंजनगावहून अकोटला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. माझे मालक कापसाच्या हंगामात अकोटच्या जिनात कामाला असत आणि आठवड्यानं घरी येत. घरी सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. म्हणजे मनातच, कारण त्यांच्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. सासूबाईंना आत्याबाई म्हणायचे. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून गोठा माझ्याकडे होता.

गोठ्यात एकच म्हैस. एलिचपुरी जातीची, काळी, कपाळावर पांढरा टिळा आणि शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत गेलेली. ती घेतली होती माझ्या भावाच्या पैशांवर. भाऊ धामणगावला रेल्वेत हमाल होता. घरावर टिना टाकायला त्यानं पैसे जमवले होते, ते त्यानं आम्हाला दिले. "दूध निघालं की दे," एवढंच म्हणाला. वहिनी काहीच बोलली नाही. दर पावसाळ्यात तिच्या घरात कुठं कुठं भांडी ठेवावी लागत, हे मला ठाऊक होतं.

पहिल्या वेताला म्हशीनं दूध बरं दिलं. मग आटली, आणि पुन्हा गाभण राहीना. राहणार तरी कशी? गावात चांगला हल्या, म्हणजे रेडा, एकच, आणि तो ज्यांचा होता त्यांच्या वाड्यावर आमच्या म्हशींना बंदी झाली होती. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. मामाजी म्हैस घेऊन गेले तेव्हा वाड्याचे मालक ओट्यावरूनच म्हणाले, "तुमी आमचे ढोरं ओढत नाई, तं आमचा हल्या तुमचं काम कावून करीन?"

मामाजी आले तसे परत फिरले. घरी येऊन म्हणाले, "होळीपर्यंत पाहू. नाई तं अंजनगावच्या बाजारात नेऊन देतो. भाकड जनावराले किती दिवस सरकी चारावं?"

भाकड म्हैस बाजारात कोण घेतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कसाई. आणि तो देईल त्या पैशांत भावाचे निम्मेही फिटले नसते.

त्याच हिवाळ्यात हा डॉक्टर अंजनगावच्या केंद्रावर आला. पुण्याकडचा, तिशीतला, सडपातळ. रोज सकाळी सायकलवर आमच्या रस्त्यानं पुढच्या गावांना जायचा. मागच्या कॅरिअरला एक मोठा थर्मास बांधलेला असे. त्या थर्मासात बर्फ, आणि बर्फात हल्याचं बीज भरलेल्या काचेच्या बारीक नळ्या. हल्या राहिला अमरावतीला, बीज एसटीनं अंजनगावला. गावातल्या लोकांना हसू आवरेना. पारावरचे म्हातारे त्याला हाक मारून विचारत, "काय डाक्टरसाहेब, आज हल्या थर्मासात बसून आला काय?"

तो सायकलवरून न उतरता म्हणे, "बसून नाही आजोबा, निजून आला. थंडी फार आहे आत."

मामाजींचा विश्वास नव्हता. पण जिथं वाडाच बंद झाला तिथं थर्मास तरी पाहावा, असं म्हणून त्यांनी त्याला बोलावलं. तो गोठ्यात आला, म्हशीच्या शिंगांना फीत लावली, छाती मोजली, पाय पाहिले. बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला. आमच्या म्हशीकडे असं कोणी पाहिलेलं मी बघितलं नव्हतं.

मामाजी म्हणाले, "साहेब, बीज टाकसान तं उत्तरेकडच्या मोठ्या हल्याचं टाका. दूध जास्त."

"दूध जास्त, खाणंही जास्त," डॉक्टर म्हणाला. "वैशाखात काय घालता तिला?"

"काय घालन? कुटार."

"नुसत्या भुशावर आणि या उन्हात टिकणारी ही तुमचीच म्हैस आहे. अशा शिंगांच्या म्हशी आता कमी दिसतात, गावोगाव त्याच शोधत फिरतो आहे मी. सगळ्या एकसारख्या करून टाकल्या आणि उद्या एखादा रोग आला, तर ही पुन्हा आणायची कुठून?"

मामाजींनी थोडा विचार केला. "म्हंजे घरची बीजवाई दळून खाऊ नोका म्हणता."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाला, आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं मामाजींचा हात हातात घेतला. आमच्या दारात येऊन आमचा हात धरणारे साहेब तेव्हा फार नव्हते. चहाही त्यानं मागून घेतला.

खरी अडचण पुढंच होती. म्हैस माजावर आली की त्याच दिवशी बीज टाकावं लागतं. आणि आमच्या म्हशीचा माज मुका. ओरडायची नाही, दावं तोडायची नाही. सकाळी कुटाराला तोंड लावायची नाही, शेपूट जराशी बाजूला धरायची, आणि बसल्या जागी काचेसारखी चिकट तार पडलेली असायची. एवढंच. ते मला शेण काढताना दिसायचं. पण असली गोष्ट सून सासऱ्याला कशी सांगणार? मी आत्याबाईंना सांगायचे. आत्याबाई मामाजी जेवायला बसले की आडून सांगायच्या. मामाजी जेवून, पान खाऊन, चपला घालून निघेपर्यंत डॉक्टर कुठल्या कुठं गेलेला असायचा. दोनदा तसंच झालं. दुसऱ्यांदा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला, तपासलं आणि म्हणाला, "वेळ गेली. काल सकाळी हवं होतं. आधी कोणाच्या लक्षात आलं?"

मी दाराआड होते. माझी सावली ओसरीवर पडली होती, ती त्याला दिसली असावी. त्यानं वळून पाहिलं नाही. मुद्दाम दाराकडे पाठ करून बसला आणि मामाजींना म्हणाला, "काका, जिच्या लक्षात येतं तिनं बोलायची गरजच नाही. रस्त्याकडच्या कुंपणावर सूप टांगून ठेवायचं. मी जाता-येता पाहीन. सूप दिसलं की उतरेन."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "सुपाले पाहून डाक्टर येते, हे मी पयल्यांदा आयकलं माय."

"आणि म्हैस बरी," मामाजी म्हणाले. "तिले बोलता येत नाई तरी समजते. आपल्या घरात बोलता येते त्यायचंच समजत नाई."

मला हसू आलं आणि रडूही आलं. माझा जन्म सगळा न बोलण्यावर टोमणे खाण्यात गेला होता. न बोलूनही काम होईल अशी सोय करून देणारा हा पहिलाच माणूस.

पुढच्या माजाची वाट पाहता पाहता थंडी कमी झाली. होळी तोंडावर आली. एका सकाळी गोठ्यात गेले तर कुटार जसंच्या तसं, शेपूट बाजूला, खाली तार. मी धावत जाऊन सूप कुंपणावर टांगलं आणि भाकरी टाकायला बसले. थोड्या वेळानं बाहेर पाहते तर कुंपणावर सूप नाही. आत्याबाई अंगणात बसून त्यात तूर पाखडत होत्या.

"आत्याबाई, सूप!"

"काय सूप सूप करून राहिली? बाहेर वाऱ्यानं उडून जातं म्हणून आणलं म्या."

तेवढ्यात रस्त्यावर सायकल दिसली. डॉक्टर कुंपणाकडे पाहत पाहत पुढं निघाला होता. कुंपण रिकामं. पारावर माणसं बसलेली. हाक मारायला माझं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. परक्या माणसाला भर रस्त्यात हाक मारायची, आणि ती कशासाठी!

मग मी काय केलं ते अजून मला खरं वाटत नाही. गोठ्यात गेले, म्हशीचं दावं सोडलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि तिला घेऊन आडव्या वाटेनं थेट रस्त्यावर त्याच्या सायकलपुढे जाऊन उभी राहिले.

पारावरून कोणीतरी ओरडलं, "अवो, ह्या बाईले काय झालं?"

डॉक्टर उतरला. त्यानं म्हशीकडे पाहिलं, तिच्या शेपटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून विचारलं, "आज सकाळपासून?"

मी मान हलवली.

"फार बरं केलंत ताई." एवढं म्हणून त्यानं सायकल बाभळीला टेकवली, म्हैस तिथंच बांधली आणि थर्मास उघडला. बाजूला आलेल्या माणसांना म्हणाला, "तमाशा नाही हा, दवाखाना आहे. चला." माणसं गेली. मी तोंड फिरवून शिंगं धरून उभी होते. त्याचं काम संपलं तरी मला कळलं नाही, इतक्या हलक्या हाताचा.

होळी आली आणि गेली. मामाजींनी बाजाराचं नाव काढलं नाही, पण रोज म्हशीकडे पाहायचे. उन्हाळ्यात डॉक्टर पुन्हा आला. खांद्यापर्यंत हात धुतला, म्हशीच्या पोटात घालून चाचपलं आणि ओसरीकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, "गाभण आहे." दाराआडच्या मला ऐकू यावं म्हणूनच त्यानं आवाज चढवला होता.

ऐन थंडीत ती व्याली. वगार, म्हणजे पारडी झाली, आईसारखाच टिळा कपाळावर. गावात म्हणाले, "डाक्टरची वगार आली वो." वाड्यावरचे मालकही एकदा रस्त्यावरून वाकून तिला पाहून गेले.

या सगळ्यातून डॉक्टर एक गोष्ट शिकला, की जनावराचं आधी घरच्या बाईला कळतं, असं तो स्वतःच म्हणायचा. त्यानंतर तो गावोगाव एकटा फिरेना. बायकोला सोबत आणू लागला. ती आमच्यासोबत चुलीपाशी बसायची, कोणाची म्हैस कधी कशी वागते ते आम्ही तिला सांगायचो आणि ती रात्री नवऱ्याला सांगायची. मीदेखील तिच्याशी बोलायचे. म्हशींचा मुका माज बहुतेक पहाटेच का दिसतो, उन्हाळ्यात तो का हरवतो, याचा शोध ते दोघं मिळून घेत होते. शिकलेल्या माणसाला आपलं शिक्षण बाजूला ठेवून चुलीपाशी यावंसं वाटलं, हे मला त्याच्या शिक्षणाहून मोठं वाटतं.

दूध अंजनगावच्या एका चहाच्या हॉटेलात लागलं. तिथं कोणी दुधाची जात विचारत नव्हतं. दर महिन्याला माझे मालक थोडे पैसे धामणगावला पोचवायचे. पुढच्या पावसाळ्याआधी शेवटचे उरले ते मी स्वतः घेऊन गेले. भावाच्या हातावर ठेवले तर तो न मोजताच खिशात घालू लागला. वहिनीनं ते त्याच्या हातून काढून घेतले, खाली बसली, आणि एकेक नोट सरळ करून मोजली.

"पुरे झाले," ती म्हणाली. "सगळे फिटले."