पायलटचा अशक्तपणा

बांधकामावर त्याला सगळे पायलट म्हणत. क्रेनच्या मनोऱ्यावर, काचेच्या केबिनमध्ये त्याची बैठक. खालून सिग्नलवाल्याचा आवाज वॉकीटॉकीवर आला, की लोखंडी सळ्यांची अख्खी मोळी तो अशी अलगद टेकवायचा, जणू झोपलेलं मूल खाली ठेवतोय. "आमचा पायलट म्हणजे वाघ आहे," मुकादम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

हा वाघ आतून खचत चालला होता, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

मिसरूड फुटायच्या वयातच एक गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली होती. धातू, म्हणजे वीर्य, हा पुरुषाचा जीव. पुष्कळ रक्त आटतं तेव्हा त्याचा एक थेंब होतो, आणि तो गेला की माणूस पोकळ होतो. शाळेमागच्या भिंतीपाशी पोरं हेच कुजबुजायची, रस्त्याकडेच्या जाहिराती हेच सांगायच्या. त्याचे वडील लोखंडाच्या भट्टीवर कामाला होते. मोजकं बोलणारा माणूस. तेसुद्धा एकदा जेवताना, त्याच्याकडे न बघता म्हणाले होते, "जपून राहावं. गेलेली ताकद परत येत नाही."

लग्नानंतर ही भीती त्याच्या मानगुटीवरच बसली. लघवी जराशी गढूळ दिसली की त्याला वाटायचं, धातू चालला. झोपेत कपडे खराब झाले की सकाळी शिडी चढताना पाय लटपटायचे. कंबर धरायची, छाती धडधडायची, समोरचं ताट नकोसं व्हायचं. बायकोजवळ जायचं म्हटलं की अंग गार पडायचं. दोनदा काही जमलंच नाही, तेव्हा त्याची खात्रीच पटली की आपण संपलो. त्यानं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. "मला लवकर उठायचं असतं. तुझी झोपमोड नको."

बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. हसरी, बोलघेवडी बाई. पण त्या दिवसापासून तिचं बोलणं आटलं. मशीनवर सुई चालवता चालवता तिच्या डोक्यात एकच भुंगा फिरायचा: माझ्यात काय कमी आहे?

पायलटनं चोरून औषधपाणी केलं. गुप्तरोगाचा बोर्ड लावलेल्या एका माणसानं बाटलीतली लघवी उजेडात धरून मान हलवली. "फार उशीर केलात." त्यानं दिलेल्या पुड्यांनी तोंड आलं, पोट बिघडलं, आणि भीती दुणावली.

मग एका लख्ख दुपारी ते झालं. काँक्रीटची बादली हवेत लटकत होती. तेवढ्यात मनात एक विचार आला, अगदी शांतपणे, कुणी हळूच खांद्यावर हात ठेवावा तसा: हे दार उघडायचं आणि पाऊल बाहेर टाकायचं. सगळंच मिटलं. त्या विचारापेक्षा त्याच्या गोडव्यानं तो हादरला. त्यानं दात आवळून बादली खाली टेकवली, मशीन बंद केलं आणि वॉकीटॉकीवर म्हणाला, "दुसऱ्याला चढवा. मी उतरतोय."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. मान खाली, शब्द तुटक. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे... मी तुम्हाला नकोशी झाले नव्हते?"

"तू? अगं, मीच तुझ्या लायकीचा उरलो नाही!"

ती रडता रडता हसायला लागली. "अहो, वेडे की काय तुम्ही! इतके दिवस मी आरशासमोर उभी राहून स्वतःलाच नावं ठेवत होते." दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकून ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

आत बाई डॉक्टर बसलेली पाहून तो दारातूनच मागे वळत होता. बायकोनं दंड धरून त्याला खुर्चीत बसवलं. बोलून झाल्यावर तो त्यांच्या हसण्याची वाट पाहत राहिला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी तपासण्या करून घेतल्या, आणि सगळं ठीक निघाल्यावर म्हणाल्या, "तोंडात लाळ संपते का कधी? तसंच आहे हे. शरीर ते बनवतच राहतं. जास्तीचं झोपेत आपोआप जातं. रक्त आटण्याशी त्याचा काही संबंध नाही."

"मग माझा अशक्तपणा खोटा?"

"शंभर टक्के खरा. पण त्याचं कारण वेगळं आहे. तुम्हाला नैराश्य आलंय. जवळ जाताना जमत नाही, ते भीतीमुळं. तुम्ही एकटे नाही आहात. मास्तर येतात, वकील येतात, सगळे असेच मान खाली घालून." मग त्यांनी हळूच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का कधी?"

केबिनच्या दाराची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा त्याच्या ओठांवर आली. बायकोनं त्याचा हात घट्ट धरला.

एका भेटीत कुणी बरं होत नाही. दवाखान्यात पटलेलं बसस्टॉपपर्यंत येईतो पुन्हा डळमळायचं. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. "सध्या काही करून दाखवायचं नाही. नुसतं शेजारी बसा, गप्पा मारा," डॉक्टरबाईंनी दोघांना बजावलं. अंथरूण आतल्या खोलीत परतलं. एका सकाळी पायलटला अशी कडकडून भूक लागली, की बायको तव्यावर भाकरी टाकतेय आणि हा खातोय! खाता खाता तो आपल्या हातांकडे बघत राहिला. ज्या देहाला तो फुटकी बादली समजत होता, तो देह कुणी न सांगता, न थकता, इतकी वर्षं भरतच होता. त्याच्या अंगावर काटा आला.

ताकद परत आल्यावर तो पुन्हा केबिनमध्ये चढला. आणि एका सुट्टीच्या दिवशी त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. रागावतील अशी त्याची अपेक्षा होती. म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझा जन्म झाला, आणि मी बाहेरच्या ओसरीवर झोपायला लागलो. तुझ्या आईला कारण कधी सांगितलं नाही."

भट्टीच्या धगीपुढे छाती काढून उभा राहिलेला हा माणूस एवढं भय पोटात घेऊन जगला, आणि कुणाला चाहूलही लागू दिली नाही!

"त्या डॉक्टरबाई माझ्याशी बोलतील का रे?" वडिलांनी विचारलं. "औषध नको. नुसतं ऐकायचंय."

दवाखान्यात म्हातारा डॉक्टरबाईंच्या खोलीत बराच वेळ होता. बाहेर आला तो काठी टेकत, ओल्या डोळ्यांनी. "म्हणाल्या, तुमच्यात कधीच काही कमी नव्हतं."

घरी आल्यावर तो थेट स्वयंपाकघरात गेला. पायलटची आई धान्य निवडत होती. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, "ऐक, तुला एक सांगायचं राहिलंय."

पायलटनं बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.