यंत्राच्या डोळ्यात कुंकू

सरकारी सुधारणेला दारातच ओवाळून आत घेणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच झाला, आणि तो वेल्ह्याच्या आमच्या कार्यालयात हेडक्लार्क होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. रोज भोरहून गाडी बदलून यायचे, तरी सर्वांच्या आधी हजर. संगणक आला तेव्हा अण्णांनी त्याच्यापुढे पेढा ठेवला होता. मी प्रत्येक परिपत्रकाची मुदत लिहून खुणा करणारी बाई. अण्णांसाठी मात्र माझ्याकडे रकानाच नव्हता. त्यांची हजेरीही निराळी. चहा ते स्वतः ओतायचे. ज्याचा कप उपडा राहिला, तो गैरहजर.

पुढे शिपायाची पदं गेली आणि एजन्सी आली. आमची शिपाई सुनंदा तीच, झाडूही तोच, पण आता तिचं नाव आमच्या मस्टरवर नव्हतं. तिला ठेवायचं की काढायचं, ते कापूरहोळला बसणारा सुपरवायझर ठरवणार. अण्णा म्हणाले, "म्हणजे नांदायचं इथं आणि सासू कापूरहोळला! बरंय की तुझं." सुनंदा म्हणाली, "लांबची सासू लई वाईट, अण्णा. तिला काम दिसत न्हाई, निस्ती हजेरी दिसती."

हजेरीसाठी चेहरा ओळखणारं यंत्र भिंतीवर लागलं होतं; सुनंदाची हजेरीही त्यातूनच कापूरहोळला जायची. खंडेनवमीला आम्ही टायपरायटरपासून पंचिंग मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा करतो. अण्णांनी नव्या पाहुण्यालाही हळद-कुंकवाचं ओलं बोट लावलं, नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर कोणीही समोर उभं राहिलं की लाल दिवा. अण्णांनी रुमालाने पुसलं आणि राहिलेला कोपराही रंगवला.

दुरुस्तीवाला पुण्याहून यायचा होता. तोवर आम्ही कायम लोकांनी जुन्या मस्टरवर सह्या केल्या. सुनंदाने कुठे करायची? आठवड्याच्या आत सुपरवायझरचा फोन आला: तुम्ही गैरहजर, सोमवारपासून दुसरी बाई येईल. ती माझ्या टेबलापाशी आली. "बाई, म्या तर रोज हितंच व्हते. तुमीच सांगा की."

मी तिला नियम काढून दाखवला: एजन्सीच्या माणसाची सही आमच्या मस्टरवर चालत नाही. साहेब म्हणाले, "ती एजन्सीची, आपण मध्ये पडायचं नाही."

अण्णा चहाची किटली हातात घेऊनच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "साहेब, यंत्र खरं असेल तर त्या दिवसांत तुम्हीसुद्धा गैरहजर. मग फायलींवर सह्या कुणी केल्या? आणि यंत्र खोटं असेल, तर सुनंदा हजर होती. तिचा कप रोज मी भरलाय. कुंकू मी लावलं, शिक्षा तिला कशी?"

साहेबांनी खिडकीतून तोरणा गडाकडे बघितलं. मग हसू दाबत फोन उचलला आणि सुपरवायझरला म्हणाले, "बाई रोज कामावर होती. लेखी पाठवतो." ते पत्र मीच टाइप केलं, आणि इतक्या आनंदाने मी आजवर कोणतंच टाइप केलेलं नाही. सोमवारी झाडू सुनंदाच्याच हातात होता.

यंदा अण्णा निवृत्त झाले. परवा सहज म्हणून आले आणि सवयीने यंत्रासमोर उभे राहिले. लाल दिवा लागला. ते तसेच उभे. आतून सुनंदाचा आवाज आला, "त्याचं काय मनावर घेता, अण्णा? या, तुमचा कप सुलटा ठेवलाय."