माझा कोयता मोडला तेव्हा

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. म्हणाल्या, "स्पाइनचा टीबी आहे." म्हणजे मणक्याला लागलेला क्षय. "बरा होईल. वर्षभर तरी गोळ्या, कमरेला पट्टा. पण उसाची मोळी आता उचलायची नाही."

"कधीपर्यंत?"

"कधीच नाही, असंच धरा."

मी नांदूरघाटजवळच्या वस्तीवरची. बारा हंगाम ऊस तोडला. पाठ कामानंच दुखते समजून चार महिने बाम चोळला. संध्याकाळी बारीक ताप यायचा, तोही अंगावर काढला. तुम्ही तसं करू नका.

आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. दसऱ्यानंतर माझे मालक त्यांच्या धाकट्या भावाशी जोडी लावून ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले. आमचा कोयता मोडला.

ज्या कामाला जन्मभर शिव्या दिल्या, त्याचीच ओढ लागली. उसाच्या पाचटाचा वास, फडावरच्या झोपडीपुढची, कोपीपुढची चूल, मोळी बांधताना बायांचं हसणं. गोळ्यांनी मळमळायचं, पडून आढं बघायचे. आपलं आता काय काम, हेच डोक्यात.

वस्तीवर म्हातारी माणसंच उरली होती. एकदा शेजारची पारूआत्या गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आली. "आगं, दोनी सारख्याच दिसत्यात. सकाळची कोणती हाय?" मी सातवी शिकलेली. वाचलं तर बीपीची गोळी सोडून ती शुगरचीच दोनदा घेत होती. सकाळच्या पाकिटाला लाल दोरा बांधून दिला. आठ दिवसांत सहा घरांतून बोलावणं आलं. रोज माझ्या गोळ्या घेतल्या की मी पट्टा आवळून निघायचे.

एका सकाळी आत्या हाकेला ओ देईना. आत गेले तर घामानं भिजलेली, जीभ जड. रात्रीची भाकरी तशीच झाकलेली; गोळी घेऊन जेवलीच नव्हती, म्हणजे शुगर उतरली असणार. गिळता येत होतं, म्हणून घोट घोट साखरेचं पाणी पाजलं, गावाची आरोग्याची कामं बघणाऱ्या आशाताईला फोन केला. घटकाभरानं आत्यानं माझा हात धरला. "तू होतीस म्हून, बाई."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्यांनी शुगर उतरल्याच्या खुणा मला कागदावर लिहून दिल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही.

आता वर्ष उलटलं, गोळ्या संपल्या, पाठ बरी आहे. मालक यंदाही ऊसतोडीला गेलेत; परवा त्यांचा फडातून फोन आला. मागं बायांचा गलका ऐकू येत होता.

"यावं वाटतं का गं?"

"लई वाटतं," मी म्हणाले. डोळे भरून आले. "पर फोन ठिवा आता. माणसं वाट बघत्यात माझी."