न पळालेली कुत्री

कुत्रा हा प्राणी मला कधीच आवडला नाही, आणि म्हातारपणी तो आवडू लागेल अशी आशा कुणी ठेवू नये. त्याची लाळ, त्याचा ओला वास, जिथंतिथं चिकटणारे केस, पाहुण्याच्या धोतरात खुपसलेलं ते गार नाक, सगळ्याचीच मला किळस येते. माझं माहेर नगर शहरातलं. वडील कचेरीत कारकून. आमच्या दोन खोल्यांत मांजर जरी उंबऱ्याच्या आत आलं तरी आई फरशी पुसून घ्यायची. अशा घरातून मी शेवगावच्या बाजूला, रस्त्याकाठच्या एका वस्तीवर सून म्हणून आले, आणि आले त्याच्या पुढच्याच वर्षी तो मोठा दुष्काळ पडला.

घरात माणसं तीन: सासरे, नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. विहिरीला थोडं पाणी टिकून होतं, त्यामुळं आमची चूल पेटत होती एवढंच. पण दोघा बापलेकांना दोन शौक होते. एक जीप. नगरला लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, तिथून सासऱ्यांनी ती आणलेली. दारं नव्हती, वर कापडी हूड, मागं समोरासमोर दोन बाकडी आणि शेवटी गुडघ्याएवढं लोखंडी फळकूट. दुसरा शौक म्हणजे कुत्री. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. आमच्या व्याह्यांनी, म्हणजे नणंदेच्या सासऱ्यांनी, संगमनेरहून कुत्री धाडली. लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, सशामागं सोडायची शिकारी जात. बसणं तिला ठाऊकच नव्हतं. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून माजघरात, तिथून माझ्या पिठाच्या परातीवरून उडी मारून परसात. दिवसभर हेच.

नवऱ्यानं तिला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. ते त्याला स्वतःलाच नीट घेता येत नसे. मी तिला 'हाड' एवढंच म्हणत असे. परिणाम असा झाला की काही दिवसांनी मी 'हाड' म्हटलं की ती शेपूट हलवत धावत यायची आणि नवऱ्याच्या हाकेला मान वळवायची नाही. यात माझं काही कौतुक नाही. भाकरीचे तुकडे माझ्या हातून मिळत होते आणि पोट कुणालाही कळतं.

शिकवणीचं म्हणाल तर नगरच्या छावणीतल्या कुणा हवालदाराशी नवऱ्याची ओळख होती. त्याच्याकडून तो हुकूम शिकून आला. सकाळी खाटेवर बसून, हातात चहाची बशी घेऊन, तो कुत्रीला 'सिट', 'हॉल्ट' असे हुकूम सोडायचा. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. कुत्री त्याच्याकडं बघून जांभई द्यायची आणि माझ्या वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ चावायला निघून जायची. मग दुपारी तो तिच्या अंगावरचे गोचीड वेचायचा, फुगलेले, करडे, रक्तानं टम्म. एकेक नखावर घेऊन चिरडायचा आणि हात धोतराला पुसून पानावर बसायचा. मी वाढत असे. माझ्या घशाखाली त्या दिवशी काही उतरत नसे.

सासऱ्यांची तऱ्हा निराळी. त्यांनी कुठून तरी सशाचं कातडं मिळवलं होतं. ते लांब दोरीला बांधायचं, दोरी जीपला, आणि जीप नव्या रस्त्यावरून पळवायची. मागं कातडं उडत जायचं आणि त्यामागं कुत्री. कातडं नीट कमावलेलं नव्हतं. त्याला असा वास यायचा की सांगता सोय नाही. सराव झाला की ते घरात आणून टांगायचे. कुठं? तर पाण्याच्या रांजणाशेजारच्या खुंटीवर, कारण तिथं मांजर पोहोचत नाही. मी ते गोठ्यात नेऊन टांगलं की संध्याकाळी पुन्हा रांजणाशेजारी. तोंड उघडून मी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडं सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे आणि सासरे सुनेशी बोलत नसत. 'तिला सांग, चहा ठिव,' असं ते मुलाला म्हणायचे आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

तो नवा रस्ता दुष्काळी कामावरचा होता. बायाबापड्या दिवसभर उन्हात खडी फोडायच्या. रेशनची ती परदेशी लाल मिलो ज्वारी खाऊन त्यांचे ओठ फुटलेले. आणि त्यांच्या अंगावर धुरळा उडवत आमची जीप जायची, मागं कातडं, मागं कुत्री. तिला रोज दूध आणि अंडं. एकदा त्यांतली एक बाई पाणी प्यायला वस्तीवर आली. मी कुत्रीपुढं दुधाचं वाडगं ठेवत होते. ती बघत राहिली आणि हसून म्हणाली, "बाई, पुढल्या जल्मी तुमच्याच घरची कुत्री व्हावं म्हन्ते मी." ती थट्टाच करत होती. मला मात्र त्या वाडग्याची, त्या दुधाची आणि ते ठेवणाऱ्या माझ्या हाताची शिसारी आली. घरात होती तेवढी भाकर मी तिच्या पदरात घातली. त्यानं काही भागत नव्हतं, हे मलाही कळत होतं.

ही सगळी तयारी कशासाठी, तर चैत्रातल्या भैरोबाच्या जत्रेसाठी. दुष्काळ असो की काही असो, जत्रेत कुत्र्यांची शर्यत व्हायचीच. पोत्यातून आणलेले ससे मोकळ्या रानात सोडायचे आणि गावोगावची कुत्री त्यांच्यामागं. ज्याच्या कुत्र्यानं ससा धरला त्याला फेटा आणि वाजतगाजत मिरवणूक. सासऱ्यांना तो फेटा हवा होता. आदल्या वर्षी शेजारच्या गावच्या पाटलानं तो नेला होता आणि तेव्हापासून सासऱ्यांना अन्न गोड लागत नव्हतं. मला देवाला नेऊन आणायचं राहिलं होतं, म्हणून माझीही वर्णी लागली.

एरवी जीपमध्ये कुत्री पुढं बसायची, सासऱ्यांच्या पायांशी. त्या दिवशी गावातला एक जाडजूड पाहुणा बरोबर निघाला. त्याला पुढची जागा दिली, त्यामुळं कुत्री मागं, माझ्याजवळ आली. "साकळी वर नळीला बांद," सासरे नवऱ्याला म्हणाले, "आखूड ठिव, म्हंजी भायेर उडी मारायची न्हाई." नवऱ्यानं हुडाच्या लोखंडी नळीला साखळी बांधली, दुसरं टोक तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला. बैलाला टेम्पोत बांधतात तसं. पण बैल उडी मारत नाही. आज माझी मुलगी तिच्या कुत्र्याला मोटारीत मागच्या सीटवर बसवते तेव्हा छातीवरून पट्टा घेते, गळ्यातून कधीच नाही, आणि काचा वर करते. बघताना मला त्या कुत्र्याचीही किळस येते, पण पट्टा नीट लागला की नाही हे मी दोनदा विचारते.

पेट्रोलचा वास, कुत्रीचा वास, पाहुण्याच्या तंबाखूच्या पिंका वाऱ्यानं मागं येत होत्या. निघाल्यावर थोड्याच वेळात मी मागच्या फळकुटावरून वाकून भडाभडा ओकले. नवऱ्यानं एकदा वळून पाहिलं आणि गाडी चालूच ठेवली.

पुढं माळावर एक ससा रस्त्यावरून आडवा गेला. मला तो दिसला तो कुत्रीनं झेप घेतल्यावर. फळकुटावरून ती बाहेर गेली आणि साखळी ताणून थांबली. ती मागं लोंबकळत होती. मागचे पाय रस्त्याला घासत होते, डोळे बाहेर आलेले, जीभ काळीनिळी. गाडी पळतच होती.

"अहो, थांबा!" मी ओरडले. "अहो! गाडी थांबवा!"

इंजिनाचा आवाज, पाहुण्याचं हसणं. पण आवाज पोहोचला होता, कारण सासरे म्हणालेले मला ऐकू आले: "वांती हुत आसंल पुन्ना. आलंच आता गाव." आणि नवरा मागं न बघता म्हणाला, "हां, आलंच."

मग मी खाली वाकले आणि जिला कधी बोट लावलं नव्हतं तिला काखेतून दोन्ही हात घालून धरली. फळकुटाची लोखंडी धार माझ्या पोटात रुतली. जोर लावून तिला जरा वर उचलली तशी साखळी सैल झाली आणि तिच्या घशातून घर्र आवाज आला. आत ओढण्याएवढा जोर माझ्यात नव्हता. सोडली तर मेली असती. तिनं घाबरून माझ्या हातावर नख्या ओढल्या, आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं, दूध, अंडी, मूत, माझ्या नव्या लुगड्यावर केलं. तो वास आजही मला नाकात आणता येतो. मी शिव्या देत होते, तिला, त्यांना, माझं लग्न जमवणाऱ्या मामाला. पण हात सोडले नाहीत.

नदीच्या कोरड्या पात्रात वाळू लागली तेव्हा गाडी मंदावली. नवऱ्यानं वळून बघितलं आणि मग थांबवली. तिघं धावत आले. कुत्री आत घेतली. सासऱ्यांनी आधी तिचे पाय चाचपले, एकेक करून, पंजे दाबून. "पाय शाबूत हायेत," ते म्हणाले. "पळंल ती." पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली होती, श्वास शीळ घातल्यासारखा येत होता. माझ्या हातातून रक्त वाहत होतं. पाहुणा म्हणाला, "लुगडं धुवून घ्या वो वैनी, लई वास मारतोय."

जत्रेत पोहोचलो तेव्हा मी देवळाजवळच्या लिंबाखाली, बायकांच्या घोळक्यात बसले. कुत्री आपण होऊन माझ्या मांडीवर चढून पडली. लुगडं तसंच ओलं. बायका नाकाला पदर लावून जरा सरकल्या. पुढं पोत्यांतले ससे धडपडत होते आणि त्यांच्यावर बसून एक जण विडी ओढत होता. भोंग्यावरून गावांची नावं पुकारत होते. आमचं गाव पुकारलं तसे सासरे आले.

"चला, काडा तिला," ते मोघमच म्हणाले.

मी डोक्यावरचा पदर सावरला नाही, मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. "मामंजी, ती पळायची नाही. तिला श्वास घेता येत नाही. पळाली तर मरेल."

ते लाल झाले. मुलाकडं वळून म्हणाले, "तिला सांग, बायकांनी यात बोलू न्हाई."

पण ते पुढं सरकले नाहीत. का सरकले नाहीत, हे माझ्या तिथंच ध्यानात आलं. कुत्री माझ्या मांडीवर होती. सुनेच्या मांडीवरची वस्तू सासरा उचलणार कशी? हात लावला तर गावोगावच्या बायका बघत होत्या; त्याची फेट्यापेक्षा मोठी मिरवणूक निघाली असती. पाहुण्याची तर बातच नको. ज्या मर्यादेनं मला वर्षभर मुकी ठेवली होती ती त्या दिवशी त्यांच्याच पायांत अडकली. मी पदराचं टोक कुत्रीवर ओढून घेतलं आणि घट्ट बसले.

भोंग्यावर दुसऱ्यांदा गाव पुकारलं. "तू घे," सासरे मुलाला म्हणाले. "तुजी बायको हाय."

त्याला हक्क होता. तो पुढं आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. "दे," तो हळूच म्हणाला. "आबांचा मान आहे."

"तिचा गळा बघा तुम्ही."

"दे म्हणतो ना."

"घ्या मग ओढून," मी म्हटलं.

त्यानं हात पुढं केला. मला त्याच्या नखांत गोचिडाचं वाळलेलं रक्त दिसत होतं. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आरं बाबा, बायकूच्या मांडीवरनं वडतूस व्हय, भर जत्रंत?" बायका खदाखदा हसल्या. तो तसाच उठला, कशालाही न लागलेले हात त्यानं धोतराला पुसले आणि मागं गेला. भोंग्यावर पुढच्या गावाचं नाव आलं.

कुत्री जगली. भुंकणं मात्र तिला पुन्हा जमलं नाही. सासऱ्यांनी त्यानंतर तिच्याकडं आणि माझ्याकडं सारखंच दुर्लक्ष केलं.

ही गोष्ट आमच्याकडं पुढं अनेक वर्षं सांगितली जायची. पाहुणे जमले, पान वाढलं की नवरा सुरू करायचा. सांगायचा की आबांचा शब्द मी जन्मात एकदाच मोडला, त्या मुक्या जनावराचा गळा बघून माझ्या पोटात कालवलं, म्हणून हात मागं घेतला. पाहुणे माना डोलवायचे. माझ्याकडं बघून म्हणायचे, नशीब काढलंत वहिनी, एवढा हळवा माणूस. मी भाजी वाढत पुढं जायची. जत्रेत त्या वेळी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यानं म्हातारीकडं बघितलं, बायकांकडं बघितलं, बापाकडं बघितलं. कुत्रीकडं एकदाही नाही.