प्रश्नाआधीची प्रस्तावना

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात मला कळलं की लोक मला घाबरतात. मी विचारायचे, "हे अजून का झालं नाही?" पुण्यात या वाक्याला कुणी मान वर करून पाहिलं नसतं. इथे सगळी टीम गप्प व्हायची. शेवटी माझ्या शेजारी बसणाऱ्या, वयाने मोठ्या इंग्रज बाईने मला कॉफीला नेलं आणि सांगितलं, की इथे प्रश्न असा अंगावर टाकत नाहीत. आधी 'सॉरी टु बॉदर यू' म्हणायचं, मग 'आय वॉज जस्ट वंडरिंग इफ', आणि शेवटी 'नो रश'. ईमेलमध्ये तर आणखी एक ओळ, समोरचा बरा असेल अशी आशा करणारी.

मी मूळची फटकळ, पण एखादी गोष्ट शिकायची म्हटलं की हात धुऊन मागे लागते. दोन वर्षांत माझे प्रश्न इतके मऊ झाले की नवरा म्हणायचा, "मीठ मागतेयस की अर्ज करतेयस?" मला मात्र अभिमान वाटायचा. प्रमोशन मिळालं ते त्यामुळेच, असं मी आजही मानते.

गेल्या हिवाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. एसटीच्या डेपोत चौकशीच्या खिडकीमागे त्यांचा जन्म गेला. लोक येऊन 'कराड किती वाजता?' एवढंच विचारत आणि ते तेवढंच उत्तर देत. जानेवारीत घरामागच्या रेडवेवर, म्हणजे चालायच्या लाल वाटेवर, ते घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "पोटरी फार ठणकतेय गं. दमही लागतोय. विचार ना त्यांना." पोटरी सुजून टम्म झाली होती. मी घाबरले. नर्सकडे गेले आणि हसून म्हणाले, "सॉरी टु बॉदर यू, आय नो यू आर रिअली बिझी. आय वॉज जस्ट वंडरिंग इफ समवन कुड हॅव अ लुक ॲट माय डॅड्स लेग? नो रश ॲट ऑल."

"ऑफ कोर्स, माय लव्ह," ती म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटची औषधं काढत राहिली.

बाबांना माझा आवाज ऐकू गेला होता. "प्रश्न विचारत होतीस की माफी मागत होतीस?"

मी वैतागले. "बाबा, इथे असंच विचारतात."

ते खरं नव्हतं. समोरच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची बायको, इथलीच, जन्मापासूनची, उठून दारात उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हिज ड्रिप्स स्टॉप्ड. हू इज सॉर्टिंग इट?" दोन मिनिटांत माणूस हजर. जीव टांगणीला लागला की इंग्रजसुद्धा प्रस्तावना सोडून देतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा तर ते डोळ्यांनी पाहिलं, तरी मी उठले नाही. एकदा सांगून झालंय, पुन्हा कसं विचारायचं, या संकोचात तासभर बसून राहिले. त्या तासाचा मला अजून संताप येतो. बाबांचे ओठ काळसर पडले तेव्हा मी किंचाळले. मग सगळे धावले. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. संध्याकाळ व्हायच्या आत बाबा गेले.

काही महिन्यांनी आम्ही हॉस्पिटलमधल्या नोंदींची प्रत मागवली. त्या दुपारची नर्सची नोंद दोनच ओळींची आहे. मुलीने पायाबद्दल सहज विचारलं. कुटुंबाला विशेष काळजी वाटत नाही.

नवरा म्हणतो, तक्रार कर. कशाची करू? मी जसं विचारलं, तसंच तिने लिहून ठेवलंय.